पाट, पक्कड आणि बर्फ : भिगवणच्या मासळी बाजारातला एक रविवार

भिगवण पुणे-सोलापूर रस्त्यावर, इंदापूर तालुक्यात. उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमेचं पाणी मागं पसरत आमच्या शिवारापर्यंत आलं. तेव्हापासून या काठावरच्या कितीतरी घरांची चूल यशवंतसागराच्या, म्हणजे उजनीच्या जलाशयाच्या, मासळीवर पेटते. आमच्या घरात मालक होडीवर असतात आणि मी पाटावर. गिऱ्हाइकाला मासा साफ करून, तुकड्या पाडून द्यायचं काम माझं.

चिलापी, रोहू, कटला यांची खवलं काढून पोट साफ करणं घरोघरी जमतं. बिनखवल्याच्या, मिशावाल्या मासळीचं तसं नाही. शिंगटा, शिवडा, मांगूर, शिंगी आणि अलीकडे पिंजऱ्यात वाढवलेला पंगस, हे सगळे एकाच गोतातले. शहरात यांना कॅटफिश म्हणतात. हॉटेलात बासा म्हणून जो पांढरा, बिनकाट्याचा तुकडा पानात येतो, तोही पंगसच्याच जातीचा. चवीला उत्तम आणि बारीक काटे कमी, म्हणून ही मासळी पोराबाळांच्या ताटात हमखास वाढली जाते. पण हिच्या अंगावर चिकटा असतो, परांत टोचणारे काटे असतात, आणि तळाशी वावरणारी असल्यामुळे पाण्यातली घाणही हिच्या वाट्याला येते. यातलं काय सुरीनं निघतं आणि काय निघत नाही, हे ओळखण्यावर आमचा धंदा उभा आहे. मे महिन्यातल्या रविवारी हे काम पहाटेपासून रात्रीपर्यंत कसं चालतं, ते सांगते.

पहाटे ४.३०

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि काठ लांब जातो. गाळ तुडवत होडीपर्यंत पोचायचं म्हणजे पायाखाली लक्ष ठेवावं लागतं. मालक आणि धाकटे भावजी जाळं काढून आलेले असतात. होडीत बहुतेक चिलापीच. तिच्यात चार-सहा शिंगटे, एखादा शिवडा, कधी जाळ्याचं वाटोळं करणारा सकर मासा. हा सकरही मिशावाल्यांच्याच गोतातला, पण अंगाला कठीण चिलखत. आपल्याकडचा नव्हे, शोभेच्या टाक्यांतून सुटून पाण्यात आलेला. त्याचे काटे नायलॉनच्या जाळ्यात असे रुततात की जाळं फाडूनच तो सोडवावा लागतो. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही.

माझं काम इथूनच सुरू होतं, कारण मासा खायला चांगला राहणार की नाही याचा निम्मा निकाल काठावरच लागतो. शिंगटा आणि शिवडा पाण्याबाहेर फार तग धरत नाहीत. ते मेले की लगेच बर्फात जायला हवेत. मांगूर आणि शिंगी मात्र हवेतून श्वास घेऊ शकतात, ओल्या बारदानात तासन्‌तास जिवंत राहतात. म्हणून दोघांचे डबे वेगळे. मेलेल्याला बर्फ, जित्याला थोडं पाणी आणि सावली.

बर्फाचं माप सोपं आहे : जितकी मासळी तितका बर्फ. तळाला थर, मग मासे, पुन्हा थर, वर झाकण. बर्फ वितळून साचलेलं पाणी खालून निघून गेलं पाहिजे, मासा त्यात पोहत राहता कामा नये. लादी घेताना रंग बघायचा. खाण्याचा बर्फ बिनरंगी, अखाद्य बर्फ निळसर. तसा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. निळी लादी स्वस्त पडते, पण ती कुठल्या पाण्याची हे कुणी सांगू शकत नाही. उघड्या मांसाला तिचा स्पर्श नको.

सकाळी ६.३०

बाजारात लिलाव सुरू झालेला असतो. आडतदाराचा आवाज, क्रेट ओढल्याचा खरखराट, पुण्याच्या गाड्या मागं लावण्याची घाई. घरची मासळी पुरत नाही, म्हणून रविवारी आम्हाला शिंगटा आणि पंगस विकत घ्यावा लागतो. घेताना माझे डोळे आणि अंगठा कामाला लागतात.

खवल्याच्या माशाला खवल्यांची चमक सांगते, बिनखवल्याच्याला कातडीवरचा चिकटा सांगतो. ताज्या शिंगट्याचा चिकटा पाण्यासारखा नितळ असतो. तो दुधाळ, पिवळट, दोऱ्यासारखा ओढला जाऊ लागला की मासा शिळा. कल्ला उचलून पाहायचा : आतला रंग लालभडक हवा. विटकरी, तपकिरी झाला तर पुढं जायचं. डोळा भरलेला हवा. पाठीवर अंगठा दाबला की खड्डा भरून यायला हवा. पोट फुगलेलं किंवा गुदद्वारातून पाणी गळणारं नको. आणि वास नदीचा यावा, गटाराचा नाही. शिळेपणा धुऊन जात नाही, मीठ-हळदीत मुरत नाही, शिजवूनही माघारी फिरत नाही. सुरीनं न निघणाऱ्या गोष्टींत पहिली ही.

दुसरी गोष्ट मांगूरची. रविवारी कुणीतरी जाड, काळपट चट्ट्यांचे, किलो-दोन किलोचे मांगूर घेऊन येतो आणि भाव मात्र निम्म्यावर सांगतो. तो थाई मांगूर. आफ्रिकेतून आलेली ही जात पाळायला आणि विकायला आपल्या देशात बंदी आहे. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानं कडक हुकूम दिल्यावर राज्यात ठिकठिकाणची तळी रिकामी केली गेली, आमच्या इंदापूर तालुक्यातलीही. बंदीचं कारण साधं आहे. हा मासा दिसेल ते खातो. तळ्यातून सुटला तर नदीतली देशी मासळी संपवतो, आणि चोरून पाळणारे त्याला कत्तलखान्यातला टाकाऊ माल घालतात. देशी मांगूर लहान, बहुधा पाव-अर्ध्या किलोचा, आणि आता इतका दुर्मीळ झाला आहे की धोक्यात आलेल्या जातींत त्याची नोंद आहे. म्हणून मोठा मांगूर स्वस्तात मिळतोय म्हटलं की आम्ही हात लावत नाही. गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

सकाळी ८.००

पाट मांडायचा. माझ्याकडे दोन आहेत. एकावर चिकटा, कल्ले, आतडी. दुसऱ्यावर फक्त साफ झालेलं मांस. पोट फाडलेल्या पाटावर तुकड्या पाडल्या तर आतड्यातले जंतू थेट मांसाला लागतात, मग वरून कितीही पाणी ओता. सुऱ्याही दोन, आणि दोन्हींना धार हवी. बोथट सुरी घसरते आणि हात कापते. शेजारी कोयता, जाड कात्री, पक्कड, खडे मिठाचं भांडं.

पाण्याचे तीन टब. पहिला चिकटा धुवायला, दुसरा पोट धुवायला, तिसरा शेवटच्या हातासाठी. तिसऱ्यातलं पाणी पिण्याचं असतं आणि त्यात हात बुडवायचा नाही, तांब्यानं वरून घ्यायचं. धरणाचं पाणी टबात घेणं सोपं, काठ जवळच आहे, पण त्या पाण्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून उतरत भीमेवाटे येऊन मिळतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की त्यावर हिरवी साय धरते. त्या पाण्यात पोहलेला मासा खाता येतो. त्या पाण्यात उघडं मांस धुऊ नये.

हाताला कापलं असेल तर आधी पट्टी, वरून रबरी हातमोजा. ओल्या मासळीतले जंतू जखमेत शिरले की बोट दोन दिवसांत सुजतं. बांगड्या वर सारून, नखं कापून, केस बांधून बसायचं. माझ्या आत्या या बाबतीत फार करड्या. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक माशाच्या आधी तुझे हात बघतं.

सकाळी ९.००

पहिलं गिऱ्हाईक बारामतीकडचं कुटुंब. पाऊण किलोचा शिंगटा निवडलेला. "मावशी, नीट साफ करा, पोरं खाणार आहेत." मी म्हणते, "दादा, इथंच उभं राहा आणि बघा. पुढच्या वेळी घरी जमेल."

आधी काटे. शिंगट्याला तीन मोठे काटे : एक पाठीवरच्या पराचा, दोन छातीच्या परांचे, आतल्या कडेला करवतीसारखे दाते. मासा घाबरला की ते ताठ उभे करतो आणि सांध्यात अडकवून ठेवतो. मेल्यावरही ते तसेच ताठ राहतात, म्हणून मेलेला शिंगटाही टोचतो. पकडायचं ते डोक्यामागून, दोन्ही बाजूंचे काटे बोटांच्या पुढं राहतील असं. कोरडं फडकं हातात असलं की पकड बसते. मग जाड कात्रीनं तिन्ही काटे बुंध्यातून छाटायचे आणि लगेच झाकणाच्या डब्यात टाकायचे. खाली पडलेला काटा अनवाणी पायाला शोधतोच.

मग चिकटा. मूठभर खडे मीठ अंगावर टाकून डोक्याकडून शेपटीकडे चोळायचं. गावाकडं चुलीची राख वापरतात, तीही चालते. पकड चांगली येते, पण नंतर राखेचा कण न् कण धुवावा लागतो. मिठानं चिकटा घट्ट होऊन गोळा होतो, मग सुरीच्या पाठीनं खरवडायचा. शिंगट्याच्या पोटाखाली, मिशांच्या बुडाशी आणि परांच्या खोबणीत तो सर्वांत जास्त साचतो. हे सगळं पोट फाडण्याआधी. जिवंतपणी हा चिकटा माशाला जपतो, मेल्यावर जंतूंचं खाद्य होतो. आधी पोट फाडलं तर बाहेरची घाण सुरीबरोबर आत जाते. चिकटा काढून, पहिल्या टबात धुऊन, कातडी हाताला कोरडी लागली की पुढचं काम.

पोट फाडताना सुरीचं टोक वर ठेवायचं. गुदद्वारापासून घशाकडे, जेमतेम कातडीपुरती चीर. टोक खाली गेलं तर आतडं फुटतं किंवा पित्ताची पिशवी फुटते. ती यकृताला चिकटलेली, हिरवट, करंगळीच्या पेराएवढी. ती पहिल्यांदा बोटानं शोधायची, मग सगळा आतला भाग तिच्यासकट एका ओढीत बाहेर काढायचा. पित्त सांडलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं आणि हिरवी पडलेली कड कापून टाकायची. कडूपणा पसरायला वेळ लागत नाही. काही लोक माशाचं पित्त औषध म्हणून कच्चं गिळतात. ते कधीही करू नये. रोहू आणि गवत्या माशाचं पित्त गिळून मूत्रपिंडं निकामी झालेल्यांच्या नोंदी आपल्या देशातल्या डॉक्टरांकडे आहेत.

आता पोटाच्या पोकळीत वर पाहायचं. कण्याला चिकटून काळपट लाल रेघ दिसते. रक्ताची वाटते, पण ते माशाचं मूत्रपिंड. बरेच जण हे ठेवून देतात आणि मग कालवणाला उग्र वास आला म्हणतात. वरची पातळ पापुद्र्याची पट्टी सुरीनं चिरायची आणि चमच्याच्या कडेनं खरवडून पूर्ण काढायची. कल्लेही मुळापासून कापायचे. डोकं हवं असेल तरी कल्ल्यांसकट कधी देत नाही, कारण पाण्यातला गाळ आणि जंतू तिथेच गाळले जातात.

मग चरबी. पोटाच्या कडेची पिवळसर चरबी आणि कातडीखाली बाजूनं जाणारी तांबूस पट्टी, दोन्ही छाटायची. चिखलाचा वास यातच साठतो. निळ्या-हिरव्या शेवाळातून जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार होतं. वळिवाच्या पहिल्या सरीनंतर मातीचा जो वास येतो, तोही याच द्रव्याचा. माशाच्या चरबीत ते मुरून बसतं. पाण्यातली काही औषधी आणि कारखानी रसायनंही चरबीतच जास्त साठतात, म्हणून चरबी छाटणं हा चवीचा आणि तब्येतीचा, दोन्हीचा फायदा. मासा मोठा असेल तर कातडीही काढते : मानेभोवती चीर पाडायची, कडा पकडीत धरायची आणि शेपटीकडे ओढायची. चिकटा नीट निघालेला असेल तर पकड घसरत नाही.

दुसऱ्या टबात पोट धुऊन मासा दुसऱ्या पाटावर. बोटभर जाडीच्या तुकड्या, कण्यावर कोयत्याचा एकच घाव. शेवटचा हात तांब्याच्या पाण्यानं, तोही एकदाच. तुकड्या पाण्यात भिजत ठेवल्या की मांस फुगतं आणि चव उतरते. पिशवीत बांधून, दुसऱ्या पिशवीत बर्फ, आणि सांगणं : "दादा, बारामतीपर्यंत गाडीच्या डिकीत ठेवू नका. मेचं ऊन आहे."

सकाळी १०.३०

शिंगीला रविवारी खास गिऱ्हाईक असतं. आजारातून उठलेल्याला शिंगी द्यावी असं जुने लोक मानतात. मासा वितभर, अंग काळसर तांबडं, आणि छातीच्या काट्यांत विष. शिंगट्यापेक्षा हिचा डंख फार जहाल.

आज शेजारच्या गाळ्यावरच्या पोरानं घाईत टबात हात घातला आणि शिंगीनं अंगठ्यावर घेतलं. क्षणात पोराचा चेहरा पांढरा. कुणी म्हणालं चुना लावा, कुणी कांदा. मी चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं, गार पाणी घालून आधी स्वतःचा कोपर बुडवून पाहिला, आणि मग त्याचा हात आत ठेवला. सोसेल इतकं गरम, साधारण ४५ अंश, भाजेल असं नव्हे. हे विष उष्णतेनं निकामी होतं. अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत, पाणी निवलं की बदलत राहायचं. थोड्या वेळानं पोराच्या खांद्यात आलेली कळ खाली उतरली. काट्याचं टोक आत राहिलं नाही ना ते पाहिलं, साबणानं धुतलं, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याला डॉक्टरकडे पाठवलं. सूज वाढली, ताप आला, श्वासाला त्रास झाला तर घरी थांबायचं नाही, हेही त्याच्या आईला सांगितलं.

शिंगी, मांगूर साफ करताना आधी बर्फाच्या पाण्यात टाकायची. ती सुस्तावली की डोळ्यांच्या मागं दांडक्याचा एक नेमका घाव. जिवंत मासा राखेत घोळवून तडफडत ठेवणं मला पटत नाही. जीव घ्यायचा तर झटकन घ्यावा, आणि तडफडणारा काटा आपल्याच हातात घुसतो. काटे, चिकटा, पोट हे क्रमानं झालं की मांगराच्या डोक्यात आणखी एक काम असतं. कल्ल्यांच्या वर, कवटीच्या खोबणीत लाल तुऱ्यासारखा झुबका असतो. तो हवेतून श्वास घ्यायचा अवयव. शिंगीला तुऱ्याऐवजी दोन लांब पिशव्या असतात, कल्ल्यापासून पाठीच्या मांसात मागं गेलेल्या. चिखलातल्या माशाच्या या जागा स्वच्छ नसतात. मांगराचा तुरा उपटून काढायचा, शिंगीच्या पिशव्या चिरून धुवायच्या.

पाळीव मांगूर किंवा पंगस असेल तर आधीची एक पायरी फार उपयोगाची : दोन-तीन दिवस स्वच्छ, वाहत्या पाण्याच्या हौदात उपाशी ठेवायचा. आतडं रिकामं होतं आणि चिखलाचा वास उतरतो.

दुपारी १२.००

एक बाई येते, सोबत सासू. मोठा शिवडा हवाय, चार-पाच किलोचा, सून सहा महिन्यांची गरोदर आहे, तिला ताकद यावी म्हणून. मी पाटावरून उठते आणि सासूबाईंना बाजूला घेते. "आजी, सुनेला मासा द्याच, पण हा नको."

शिवडा शिकारी मासा. लहान मासे खाऊन मोठा होतो, आणि त्या लहान माशांत असलेला पारा याच्या अंगात वर्षानुवर्षं साठत जातो. मासा जितका मोठा आणि म्हातारा, तितका जास्त. हा पारा चरबीत नसतो, मांसात असतो. कातडी काढा, चरबी छाटा, उकळा, तळा, तो जात नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो अपायकारक. सुरीच्या हद्दीबाहेरची ही तिसरी गोष्ट. म्हणून गरोदर बाईला आणि लहान मुलांना मोठा शिकारी मासा न देता लहान रोहू, चिलापी, अर्ध्या-पाऊण किलोचा शिंगटा द्यावा, आणि दर वेळी तोच मासा नको, आलटून पालटून घ्यावा. यकृत आणि मूत्रपिंडंही नकोत, कारण इतर जड धातू तिथं जास्त साठतात. आजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग एक रोहू निवडला. शिवडा तसाही पाण्यातून कमी होत चालला आहे. मोठी मादी पाण्यात राहिली तर पुढच्या पावसाळ्यात अंडी घालेल.

दुपारी १.३०

हायवेच्या कडेला जाऊबाईंची खानावळ आहे. त्यांना लागणाऱ्या तुकड्या मीच देते आणि गर्दीच्या वेळी चुलीपाशीही उभी राहते.

तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवतो. चिंच ही चवीसाठी असतेच, पण आंबटपणानं तो मातीचा वासही मोडतो. लिंबू किंवा ताकानंही तेच होतं. मुरवताना भांडं बर्फावर किंवा फ्रीजमध्ये, ओट्यावर नाही. मग खोबरं, कांदा, लसणाचं भाजलेलं वाटण, काळा मसाला, आणि उकळी फुटलेल्या रश्श्यात तुकड्या. पुन्हा उकळी आल्यावर मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. तुकडी शिजली की नाही हे काट्याजवळ पाहायचं. मांस पांढरं, अपारदर्शक झालेलं हवं आणि कण्यापासून सहज सुटायला हवं. थर्मामीटरच्या भाषेत आतलं तापमान ६३ अंश.

खरी जोखीम तळलेल्या तुकडीत असते. रवा लावून कडक तव्यावर टाकली की बाहेरून दोन मिनिटांत लाल होते आणि गिऱ्हाईक घाई करतं. आत कण्यालगत गुलाबी रेघ राहिलेली असते. गोड्या पाण्याच्या माशात कृमी असू शकतात, जंतू तर असतातच. पूर्ण शिजवलं की दोन्ही मरतात, अर्धवट शिजवलं की राहतात. म्हणून तळायची तुकडी पातळ पाडायची आणि आच मध्यम ठेवायची. पहिली तुकडी जाऊबाई स्वतः मोडून बघतात, मगच ताट जातं. कच्ची मासळी ठेवलेल्या परातीत तळलेली तुकडी काढायची नाही, चिमटाही वेगळा.

उरलेलं कालवण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. मे महिन्यात एका तासातच, कारण इथं पारा चाळिशी ओलांडतो. दुसऱ्या दिवशी खाताना नुसतं कोमट करून भागत नाही, उकळी आणायची.

दुपारी ४.००

दिवसभराचे कल्ले, आतडी, कातडी, काटे असा दोन पाट्या भरून माल निघतो. तो पाण्यात फेकणं सगळ्यांत सोपं. पण पाण्यात कुजून ते पाण्यातला प्राणवायू खातं, आणि कृमींची अंडी पुन्हा त्याच पाण्यात पडतात. आम्ही बाजारामागच्या खड्ड्यात टाकतो, वर शेणखत आणि कोरडा पालापाचोळा, वर मातीचा जाड थर. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून फळी. पावसाळ्यानंतर ते खत आमच्या दोन लिंबांना आणि शेजाऱ्यांच्या उसाला जातं. काट्यांचा डबा वेगळा, तो खोल पुरायचा.

सायंकाळी ६.००

पाट धुणं हे मासा धुण्याइतकंच मोठं काम. आधी गार पाणी आणि काथ्या, कारण गरम पाणी आधी ओतलं तर रक्त लाकडात बसतं. मग साबण आणि गरम पाणी. मग ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी फासून थोडा वेळ तसंच ठेवायचं, नंतर साध्या पाण्यानं धुऊन पाट उभा करून वाळवायचा. लाकडाला खोल चिरा पडल्या की तो रंधून घ्यायचा किंवा चुलीत घालायचा. चिरेत बसलेली घाण कुठल्याच पावडरनं निघत नाही. फडकी उकळायची. सुऱ्या पुसून कोरड्या. फरशीवर पाणी मारून नाली वाहती करायची, म्हणजे सकाळी माशा घोंघावत नाहीत.

रात्री ८.३०

घरी जेवायला शिंगट्याचंच कालवण आणि ज्वारीची भाकरी. आपण जे विकतो ते आपल्या पोरांना खाऊ घालता आलं पाहिजे, एवढी एकच परीक्षा मी माझ्या मालाला लावते.

मासे खाणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. मासा कापून घेताना पाठ फिरवून फोनवर बोलू नका, समोर उभे राहा. तो कुठल्या पाण्यातला ते विचारा. कल्ला उचलून दाखवायला सांगा. चिकटा आधी निघतो का, पाट बदलला जातो का, शेवटचं पाणी स्वच्छ आहे का ते बघा. स्वस्तातला मोठा मांगूर नाकारा. गरोदर लेकीसाठी लहान मासा मागा. तुकड्या बर्फावर न्या आणि काट्यापर्यंत शिजवा. काटा, चिकटा, पित्त, चरबी, जंतू यांचा बंदोबस्त आमची सुरी आणि तुमची चूल मिळून करू शकते.

पाण्यातून माशाच्या मांसात जे उतरतं, त्याचा बंदोबस्त मात्र पाटावर होत नाही. तो पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये, जिथून नाले नदीला मिळतात तिथेच व्हायला हवा. तुमच्या घरातून निघालेलं पाणी शुद्ध होऊन नदीत जातं का, हा प्रश्न तुमच्या नगरसेवकाला विचारा. उजनीचा मासा तुमच्याच ताटात परत येतो.